पाऊण मिनिटाची पाळी

"…मग ऐन वेळी पाय का संपतात, वस्ताद?"

केतकी मोहितेनं हे विचारलं, तेव्हा नुकत्याच दोनशे बैठका मारून झाल्या होत्या. श्वास मात्र जागच्या जागी होता.

मिरजेच्या तालमीत दस्तगीर वस्ताद कुस्तीच्या मातीच्या हौदाच्या काठावर बसले होते. वय अठ्ठ्याहत्तर. कुस्ती सुटून जमाना झाला, मोडलेले कान तेवढे उरले होते.

"खेळ कुठला म्हणालीस?"

"बर्फावरची हॉकी. पायात स्केट्स घालून खेळतात, चेंडूऐवजी चकतीनं. बर्फ लडाखला, तोही हिवाळ्यात दोन महिने. बाकीचे दहा महिने जमिनीवरच तयारी करायची."

"काय काय करतेस?"

तिनं सांगितलं. पाठीवर शंभर किलो घेऊन बैठका. दंडोबाचा डोंगर पळत चढणं. एका पायावर उड्या. संघात तिच्याएवढं वजन कुणीच उचलत नाही, हेही सांगितलं.

"आणि तरी?"

"तरी गेल्या वर्षी उपांत्य सामन्यात पाय शिशासारखे झाले. समोरची मुलगी चकती घेऊन माझ्या शेजारून निघून गेली. मला वळतासुद्धा आलं नाही. गोल झाला. आम्ही हरलो."

तिनं कपाळावरचा घाम पुसला.

"मला अजून दम पाहिजे, वस्ताद."

वस्तादांनी कोपऱ्यातलं फावडं तिच्या हातात दिलं.

"हौद खणायचाय. माती भुसभुशीत झाली पाहिजे. पंधरा घाव तू, पंधरा मी."

केतकी मातीत उतरली. पंधरा घाव झाले. तिनं वर पाहिलं. वस्तादांचा हात पुढं आला होता.

तिनं सोळावा घाव घातला.

तीस झाले. पन्नास झाले.

"दे इकडं," वस्ताद म्हणाले.

"राहू द्या. तुम्ही दमाल."

वस्तादांनी हात मागं घेतला.

अर्धा हौद उकरून झाल्यावरच ती थांबली. छाती भात्यासारखी चालली होती, पण तोंडावर समाधान होतं.

वस्ताद सावकाश खाली उतरले. तिनं जिथून सुरुवात केली होती, तिथल्या मातीत त्यांनी हात घातला. कोपरापर्यंत गेला. चार पावलं पुढं जाऊन पुन्हा घातला. मनगटापर्यंत गेला.

ती थांबली होती तिथं बोटांची दोन पेरं तेवढी आत गेली.

केतकी त्या बोटांकडं बघत राहिली.

"एका पाळीला किती वेळ खेळायचं असतं?"

"पाऊण मिनिट. जीव तोडून. मग बाहेर यायचं. बाकावरची दुसरी आत जाते."

"गोल झाला त्या पाळीला तू किती खेळलीस?"

"…दोन मिनिटं. जास्तच असेल."

"बाकावर कोण होतं?"

"रिगझिन. लेहची आहे. सतरा वर्षांची. पहिलंच वर्ष तिचं."

"दमली होती?"

"नाही." केतकीचा आवाज खाली आला. "तिला मी फारसं खेळूच दिलं नाही. मला वाटलं, तिला झेपायचं नाही."

"माझ्याबद्दल पण तसंच वाटलं की."

पत्र्यावर कबुतरं चालत होती.

मग केतकीनं दोन्ही हातांनी फावडं पुढं केलं.

वस्तादांनी पंधरा घाव घातले. सावकाश घातले, पण प्रत्येक घावाला पातं पुरतं बुडलं. पंधरा होताच त्यांनी फावडं तिला दिलं आणि काठावर जाऊन बसले. तिचे पंधरा झाल्यावर ती बाहेर आली आणि काठाशी उभी राहून चुळबुळत मातीकडं बघू लागली.

"बस."

ती बसली. डोळे फावड्यावरच होते.

"बूड टेकलंय नुसतं. बस."

तिनं खांदे सोडले. हळूहळू श्वास पोटात उतरला.

नऊ वाजेपर्यंत हौद सगळीकडून सारखा झाला. दोघांनी मिळून त्यात ताक आणि तेल ओतलं, हळद कालवली. मग वस्तादांच्या सुनेनं, शमाभाभींनी, दोघांपुढं भाकरी ठेवली. केतकीनं तीन खाल्ल्या.

त्यानंतर ती रोज येत राहिली. शंभर किलोचे एकशे दहा झाले. वस्तादांनी कधी वजन कमी कर म्हटलं नाही. फक्त पाऊण मिनिटाचा जोर झाला की तिला बसवायचे, आणि ती नीट बसल्याशिवाय पुढचा जोर मोजायचे नाहीत. पहिले दोन महिने तिची त्यावरून रोज कुरकुर होती. पावसाळा सरला, तशी कुरकुर थांबली.

डिसेंबरात ती लडाखला गेली. फेब्रुवारीच्या शेवटी परत आली, ती थेट तालमीत. थंडीनं गाल रापले होते, नाकाची सालं निघाली होती. तिनं वाकून पाय शिवले.

"काय झालं?"

"अंतिम सामन्यात हरलो. दोन विरुद्ध एक."

पण ती हसत होती. वस्तादांनी ते पाहिलं.

"आपला एक गोल कुणाचा?"

"रिगझिनचा. चकती तिच्याकडून एकदा सुटलीसुद्धा. तिनंच परत मिळवली आणि मारला."

"आणि तू?"

"मी बाकावर होते, वस्ताद. बसले होते."

वस्तादांनी तिच्या पाठीवर थाप दिली.

"गोल चांगला मारलास."