रिकाम्या हातांचा झोका

एका राज्यात सारं काही होतं, फक्त झोप नव्हती.

ते राज्य एका डोंगराच्या पायथ्याशी वसलेलं होतं. डोंगर असा उंच, की त्याचा माथा कधी कुणाला ढगाविना दिसला नव्हता. त्या डोंगरात वनमाणूस राहतो, असं सारे सांगत. माणसाच्या दीडपट उंच, अंगभर पिंगट केस आणि चालणं मात्र दोन पायांवर. कुणी त्याच्या पावलाचा ठसा पाहिला होता, कुणी त्याची शीळ ऐकली होती, पण त्याला समोरासमोर पाहिलेलं कुणी नव्हतं. लोक त्याला झिपऱ्या म्हणत. मुलं जेवायला कुरकुर करू लागली की आया त्याचं नाव घेत.

राजा शौर्यध्वज शिकारीचा मोठा शौकीन. वाघ झाले, अस्वलं झाली, पण मन भरेना. एके दिवशी कालकेतू नावाचा मांत्रिक दरबारात आला.

"राजा, झिपऱ्या धरून देतो," तो म्हणाला. "जनावर तुझं, त्याच्या गुहेतलं धन माझं."

"दिलं," राजा म्हणाला.

कालकेतूने शब्द पाळला. मंत्र टाकून त्याने वनमाणसाला बांधलं, लोखंडी पिंजऱ्यात कोंडलं आणि पिंजरा भर चौकात आणून ठेवला. त्याला कुलूप घातलं, किल्ली नसलेलं. मग आपलं धन घ्यायला तो डोंगराकडे निघून गेला.

त्याच संध्याकाळी राज्यातली झोप गेली.

आरंभी लोकांना त्यात गंमत वाटली. पहारेकरी म्हणाले, आता डुलकीबद्दल फटके नाहीत. चोर तेवढे हवालदिल झाले. ज्या घरात जावं तिथे सारं कुटुंब टक्क जागं, वर "या, बसा" म्हणणारं! पण जांभया थांबल्या, डोळे चुरचुरू लागले, तशी गंमत सरली. सुनेने मीठ दोनदा घातलं म्हणून सासू रडली, सासू रडली म्हणून सून रडली. हत्ती उभ्या उभ्या कण्हू लागले. न्यायाधीशांनी फिर्यादीलाच दंड केला आणि मग त्याची क्षमा मागत बसले.

मोठी माणसं कशीबशी तग धरून होती. पण राजवाड्यात राणी सुरंगीच्या मांडीवर अबोली होती, तीन महिन्यांची राजकन्या. तान्ह्या बाळाचं वाढणंच मुळी झोपेत. अबोली झोपेना, म्हणून वाढेना, आणि मग वाळू लागली. जायफळ उगाळून झालं, टाळूवर तेल घालून झालं, दृष्ट काढून झाली. ती आपली मोठे मोठे डोळे उघडे ठेवून आईकडे पाही. आता तर ती रडतही नव्हती.

राजवैद्याने नाडी पाहिली. मग राणीकडे न पाहता तो म्हणाला, "बाईसाहेब, अमावास्येच्या आत राजकन्येला झोप लागली पाहिजे. नाहीतर माझ्याजवळ औषध नाही."

राणीने बाळाला झोळीत घेतलं आणि राजवाड्यातून बाहेर पडली. चार भिंतींत तिचा जीव घुसमटत होता. मागे सगुणादाई निघाली. या दाईनेच राणीलाही लहानाचं मोठं केलं होतं.

भर दुपार होती. चौकात पिंजऱ्याभोवती गर्दी होती. ज्याला झोप नाही त्याने करायचं काय? झिपऱ्या पाहायचा.

"अहो झिपरेराव, फुगडी घालता का?" एकजण ओरडला.

"त्याला पालखीत बसल्यासारखं वाटतंय रे," दुसरा म्हणाला. "बघ कसा डुलतोय!"

आणि तो खरोखरच डुलत होता. दोन्ही हात छातीशी दुमडून, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, संथपणे. टोमणे मारणाऱ्यांकडे त्याचं लक्ष नव्हतं. समोर ठेवलेल्या मांसाला त्याने तोंड लावलेलं नव्हतं.

राणी पाहत राहिली. पाहता पाहता तिच्या ध्यानात आलं, की आपणही डुलतो आहोत. झोळीतल्या अबोलीला जोजवत, डावीकडून उजवीकडे, त्याच चालीवर.

ती गर्दीतून पुढे झाली आणि गजांशी जाऊन उभी राहिली. वनमाणसाच्या छातीवरचे केस ओले होऊन चिकटले होते. दुधाचा आंबूस वास येत होता. तो वास ओळखायला राणीला कुणाची साक्ष नको होती.

"सगुणा," ती हळूच म्हणाली, "हा झिपऱ्या नव्हे गं. ही बाई आहे. ओली बाळंतीण आहे."

सगुणादाईने पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "अगं बाई माझे! आणि ती काय जोजवतेय? काही नाही!"

रिकामा पाळणा हलवू नये, हे त्या राज्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. रिकामा पाळणा हलला की बाळाची झोप उडते. दासी पाळणा पुसतानाही तो एका हाताने घट्ट धरून ठेवीत. आणि इथे भर चौकात, राजाच्या आज्ञेने कोंडलेली एक आई रात्रंदिवस रिकामे हात हलवत होती. सारं राज्य तिच्याभोवती उभं राहून हसत होतं. बाप्या समजून!

राणी तशीच दरबारात गेली.

"महाराज, पिंजरा उघडा."

राजाने सारं ऐकलं. त्याचेही डोळे लाल झाले होते आणि ऐट केव्हाच ओसरली होती. त्याने लोहाराला बोलावलं. लोहाराने कुलपावर घण घातला. घण फुटला, कुलूप तसंच राहिलं. दुसरा फुटला. तिसरा फुटला, तेव्हा लोहार खाली बसला आणि म्हणाला, "महाराज, हे लोखंड नव्हे, मंत्र आहे."

चौकातल्या पिंपळावर एक धनेश येऊन बसला होता, वाकड्या पिवळ्या चोचीचा, मोठ्या पंखांचा. तो माणसासारखा बोलला.

"राणी, आमची मादी अंडी घालते तेव्हा झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते. पण ती तिच्या मर्जीने. आणि तोवर मी तिला दाणा भरवतो. तुमच्या राजाने कोंडलं, भरवलं कुणी?"

राजाने मान खाली घातली.

"कुलूप कसं उघडेल, ते सांग पक्षीराजा," राणी म्हणाली.

"मांत्रिकाने मंत्र घातला तो श्वापदावर. पिल्लू कवेत असलेल्या आईवर त्याचा मंत्र चालत नाही. हिचं पिल्लू डोंगरातल्या गुहेत आहे. ते हिच्या हाती आलं की कुलूप गळून पडेल."

"मी सैन्य पाठवतो," राजा म्हणाला.

"शस्त्र पाहून पिल्लू आणखी आत जाईल. जी पाजते तिनेच जावं. वाट मी दाखवीन. वाटेत जे मागणं होईल ते दे, मात्र झोळीतलं देऊ नकोस."

राणीने झोळी घट्ट बांधली. निघताना ती राजाला म्हणाली, "महाराज, मी येईपर्यंत हिला तुम्ही भरवा. स्वतःच्या हाताने. मांस नको, फळं द्या, मध द्या."

राजाने आजवर कुणाला पाण्याचा पेला दिला नव्हता. त्याने केळी सोलायला घेतली. पहिलं केळं वनमाणशीने त्याच्याच तोंडावर फेकलं. लोक श्वास रोखून उभे राहिले. राजाने तोंड पुसलं आणि दुसरं सोललं.

धनेश पुढे, राणी मागे. डोंगराच्या पायथ्याला काटेरान लागलं. काटे तलवारीएवढे, वाट कुठेच नाही.

"कोण जातं?" काटेरान म्हणालं.

"राणी सुरंगी."

"आम्हाला पानं नाहीत, फुलं नाहीत. अंगावर ल्यायला काही दे."

राणीचे केस गुडघ्यापर्यंत होते. साऱ्या राज्यात त्यांचं कौतुक होतं. तिने वेणी सोडली आणि काट्यांपुढे मान झुकवली. काट्यांनी केस मुळापासून कापून घेतले, आपल्या अंगावर पांघरले आणि वाट दिली.

पुढे नदी लागली. पाणी काळं, आवाज नाही.

"कोण जातं?" नदी म्हणाली.

"राणी सुरंगी."

"माझ्यातून राणी पार जात नाही. राणीपण जड असतं, बुडतं."

राणीने मुकुट काढला, बाजूबंद काढले, शेला काढला, सारं पाण्यात सोडलं. नदीने पुन्हा विचारलं, "कोण जातं?"

"अबोलीची आई," ती म्हणाली. पाणी घोट्यापर्यंत उतरलं.

नदीपलीकडे गुहा होती. आत पिवळा उजेड होता, कारण आत सोनं होतं. नाणी, हंडे, रत्नांच्या माळा, छतापर्यंत रास. आणि राशीपाशी कालकेतू गुडघ्यांवर बसलेला. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत सोन्यात रुतले होते. शापित धन ते. त्याला हात लावणाऱ्याचा हात सुटत नसे. म्हणून तर वनमाणसं पिढ्यान्‌पिढ्या गुहेच्या तोंडाशी बसत. ती सोनं राखत नव्हती, माणसांना राखत होती.

"आलीस, बरं झालं," मांत्रिक म्हणाला. त्याचे ओठ कोरडे पडले होते. "तुझी पोर या राशीवर ठेव. धनाला एक जीव मिळाला की दुसरा सुटतो. मी सुटलो की तिथे जाऊन पिंजरा उघडतो. पोर नाहीतरी किती दिवसांची सोबती?"

राणीने झोळी छातीशी घट्ट धरली. त्याला वळसा घालून ती आत गेली. ती पिल्लू शोधत होती.

पिल्लू कपारीत होतं. मांजराएवढं, पिंगट, हाडं दिसणारं. राणीला पाहून ते आणखी आत सरकलं आणि दात दाखवू लागलं. तिने हात पुढे केला, तो त्याने ओरबाडला. तिने गोड शब्द बोलून पाहिले, ते त्याला कळले नाहीत. बाहेर उन्हं उतरू लागली. अमावास्या उद्यावर आली होती.

राणी कपारीसमोर जमिनीवर बसली. तिला दूध फार थोडं येत होतं. जागरणाने तेही आटत चाललं होतं. झोळीत अबोलीचे ओठ हलत होते. इथे कुणी काही मागत नव्हतं. नाही म्हटलं असतं तरी कुणी दोष दिला नसता.

"अबोले," ती लेकीला म्हणाली, "थोडं थांबशील का गं माझ्या बाई? ह्याचं कुणीच नाही इथे."

तिने पदर बाजूला केला आणि वाट पाहिली.

पिल्लाने हवा हुंगली. एक हात बाहेर आला. मग दुसरा. मग ते सरपटत आलं, तिच्या मांडीवर चढलं आणि पिऊ लागलं. त्याच्या लहानशा मुठीने राणीचं बोट पकडलं, ते सोडलंच नाही. त्याचं पोट जरा भरलं आणि राणीने अबोलीला दुसऱ्या बाजूला घेतलं. नवल असं, की दूध संपलं नाही. दोघांना पुरलं, पुरून उरलं.

"आणि मी?" मांत्रिक ओरडला.

"जिचं घर आहे ती येईल," राणी उठत म्हणाली. "तिला विचार."

परतीच्या वाटेवर नदीने विचारलं नाही, काट्यांनी अडवलं नाही. अमावास्येच्या सकाळी राणी चौकात पोचली. केस नाहीत, मुकुट नाही, दोन्ही कडेवर दोन लेकरं. लोकांनी तिला ओळखलं नाही. पिंजऱ्याशी राजा बसला होता, हात मधाने चिकट, दाढीला केळं लागलेलं. त्याने मात्र ओळखलं.

पिल्लाने शीळ घातली. वनमाणशीचे हलणारे हात थांबले. तिने ते गजांतून बाहेर काढले, राणीने पिल्लू त्या हातांत दिलं, आणि कुलूप टप्‌कन खाली पडलं.

दार उघडलं तसे लोक पळाले. वनमाणशी बाहेर आली. तिने पिल्लाला हुंगलं, चाटलं, उलटंसुलटं करून पाहिलं. मग तिने त्याच्या तोंडाचा वास घेतला आणि वळून राणीकडे पाहिलं. ती जवळ आली. तिने आपला केसाळ हात पुढे केला आणि राणीच्या कडेवरून अबोलीला उचललं.

राजाने तलवार उपसली.

"म्यान करा, महाराज," राणी म्हणाली. "मी तिचं लेकरू छातीशी घेतलं ना? आता ती माझं घेते आहे. घेऊ द्या."

वनमाणशीने एका हातावर पिल्लू घेतलं, दुसऱ्यावर अबोली. आणि ती डुलू लागली. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. घशातून तिने एक घुमणारा सूर काढला, जात्याच्या घरघरीसारखा.

अबोलीने जांभई दिली. चिमुकलं तोंड, पण जांभई केवढी! मग तिच्या पापण्या मिटल्या.

राणी पाहत राहिली. बाळाची छाती वर झाली, खाली झाली. वर झाली, खाली झाली. राणीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि पुढे तिला तेवढंच आठवे. कारण मग तिचाही डोळा लागला. सगुणादाई तिथेच भिंतीला टेकून घोरू लागली, लोहार फुटक्या घणावर डोकं ठेवून पडला, हत्ती आडवे झाले, न्यायाधीश पायरीवरच कलंडले. राजाने दोनदा मान सावरली, तिसऱ्यांदा सावरली नाही. सारं राज्य भर सकाळी झोपलं आणि ते दुसऱ्या सकाळपर्यंत उठलं नाही.

जाग आली तेव्हा वनमाणशी निघून गेली होती. धूळभरल्या वाटेवर पावलांचे मोठे ठसे डोंगराकडे गेले होते. अबोली राणीच्या कुशीत होती. गुहेत वनमाणशीने मांत्रिकाच्या हातांवर फुंकर घातली, तसे ते सुटले. मंत्र मात्र सोन्यातच राहिले. तो पुढे कुठे गेला, हे कुणी विचारलं नाही. राजाने डोंगरावरची शिकार कायमची बंद केली आणि गुहेच्या वाटेवर दर ऋतूला मधाचा हंडा ठेवण्याची आज्ञा दिली. हंडा मात्र तो स्वतः नेई.

पण हे सारं नंतरचं. त्या सकाळी सूर्य वर आला, गावात चुली पेटल्या, "किती वेळ झोपलो गं!" अशा हाका ऐकू येऊ लागल्या. राजा हळूच राणीजवळ आला, वाकला आणि कुजबुजला, "अजून निजलीच आहे. उठवू का?"

"खबरदार!" राणी म्हणाली, आणि कूस बदलून तीही पुन्हा झोपी गेली.

त्या राज्याची झोप जशी परत आली, तशी ज्याची ज्याची हरवली असेल त्याची त्याची परत येवो.