बकूच्या आईचं कुंपण

फार पूर्वी समुद्रात एक बेट होतं. पाऊस तिथं पाहुण्यासारखा यायचा, चार दिवस राहायचा आणि चालता व्हायचा. बेट कोरडं, पण माणसं मनानं ओली. बाजरीची भाकरी, सुकी मासळी, शेळीचं दूध आणि गावाच्या मधोमध गोड पाण्याची एक विहीर, एवढ्यावर सगळ्यांचं छान चाललं होतं. कुंपण म्हणून कुठं नव्हतंच. याची शेळी त्याच्या ओट्यावर आणि त्याचं पोर याच्या चुलीपाशी.

त्या गावात एक तरुण आई राहायची. तिला बकू नावाची एकुलती एक मुलगी, म्हणून सगळे तिला बकूची आईच म्हणायचे. बकू रांगत होती तोवर बरं होतं. ती उभी राहिली, तिनं पहिलं पाऊल टाकलं, आणि आईच्या जिवाला घोर लागला. शेळी ढुशी मारेल. समुद्र ओढून नेईल. घार उचलून नेईल. झोपेतसुद्धा तिचा एक हात बकूच्या पायावर असायचा.

शेजारच्या द्वारकाकाकू हसायच्या. "अगं, घार उंदीर उचलते. तुझी बकू अख्खी भाकरी खाऊन बसते, तिला उचलायला गेली तर घारीचीच कंबर मोडेल!"

"तुम्हाला हसायला काय जातंय, काकू? तुमची मुलं मोठी झाली."

"आपोआप नाही झाली गं. पडून-झडून झाली."

बकूच्या आईला हे काही पटलं नाही. बकूचे बाबा मचव्यावर कामाला होते, दूरदूरच्या बंदरांना जायचे. या खेपेला निघताना तिनं त्यांना बजावलं, "येताना कुंपणाला लावण्यासारखं काहीतरी आणा. शेळीनं खाता कामा नये, त्यानं पाणी मागता कामा नये, आणि त्यातून मुंगीसुद्धा आत येता कामा नये."

"मुंगीनं काय घोडं मारलंय तुझं?"

"चावते ती!"

बाबा परत आले ते फडक्यात बांधलेलं बी घेऊन. "परदेशी बाभूळ आहे म्हणे. तिकडचा माणूस म्हणाला, एकदा लावा आणि विसरून जा. म्हणाला आणि खूप हसला. का हसला ते काही कळलं नाही मला."

आईनं अंगणाभोवती बी लावलं. आणि काय सांगायचं, उन्हाळ्यात सगळं बेट पिवळं पडलं, हिचं कुंपण मात्र हिरवंगार! बोटभर लांब काटे. शेळ्या बाहेर उभ्या राहून नुसत्या बघत बसायच्या. बघता बघता गावातली एकेक बाई येऊन विचारायला लागली, "आम्हालापण चार शेंगा दे गं." बकूच्या आईनं ओंजळी भरभरून शेंगा दिल्या, वर कुठं लावायच्या तेही सांगितलं. हसणाऱ्या द्वारकाकाकूंनीसुद्धा परसात दोन झाडं लावलीच. मग बेटावर घर तिथं कुंपण झालं, आणि बकूच्या आईला पहिल्यांदा शांत झोप लागली.

पण शेळ्या काही शांत बसल्या नव्हत्या. काट्यांमुळे त्यांना पाला खाता येत नव्हता, पण शेंगा! शेंगा गुळासारख्या गोड. खाली पडलेल्या खायच्या, वाऱ्यानं वाकलेल्या ओढायच्या, आणि मग पोटभर खाऊन बेटभर हिंडायचं. जिथं लेंडी पडेल तिथं कोंब. पोटातून जाऊनही ते बी मरायचं नाही, उलट जोमानं उगवायचं. शेळ्यांनी गावाची फुकट पेरणी चालवली होती आणि गावाला त्याचा पत्ताच नव्हता.

दोन-तीन वर्षांत चरण्याचा माळ काट्यांनी भरला. समुद्राकडची वाट अरुंद झाली. विहिरीभोवती रान माजलं. शेजारच्या घरी जायचं तर गावाला वळसा. आधी द्वारकाकाकू विरजणाची वाटी हातानं हातात द्यायच्या. आता कुंपणापलीकडून हाक मारायच्या आणि मोडक्या वल्ह्याच्या टोकावर वाटी ठेवून ते वल्हं पुढं सरकवायच्या. निम्मं विरजण काट्यांना जायचं.

"बाभळीचं दही लागलं गं आज!" काकू ओरडायच्या. बकू खिदळायची. पण बकूच्या आईला आता हसू येईना, कारण विहिरीचं पाणी खाली खाली चाललं होतं. त्या बाभळीच्या मुळ्या जमिनीत खोल जाऊन पाणी पीत होत्या. आधी दोर वाढवला. मग आणखी वाढवला. आणि एके दिवशी बादली वर आली तर तिच्यात निम्मा चिखल.

सगळा गाव विहिरीपाशी जमला. विहीर आटली तर मचव्यात भांडीकुंडी भरून बेट सोडायचं, दुसरं काय?

शेवटी ठरलं, की ही बाभूळ तोडायची. सगळ्यांनी कोयत्यानं सपासप तोडली. महिन्याभरात एकेका बुंध्याला चार-चार फांद्या फुटल्या.

"वरून तोडली की ही खालून हसते," द्वारकाकाकू म्हणाल्या. "मुळासकट खणा, तरच जाईल."

"खणू की!" सगळे म्हणाले. "माळावरची खणू, वाटेवरची खणू, विहिरीजवळची खणू. फक्त माझ्या दारातलं कुंपण तेवढं राहू द्या." एकाच्या कोंबड्या होत्या, एकीचा भोपळ्याचा वेल होता. बकूच्या आईनं तर हातच जोडले. "माझी लेक लहान आहे हो."

तर मग तसंच केलं. हाताला फोड येईपर्यंत गाव खणत राहिला. माळ मोकळा झाला, विहीर मोकळी झाली. चार दिवसांचा पाऊस येऊन गेला. आणि आठवड्याभरात विहिरीभोवती परत बाभळीची रोपं उगवली, कुणी मुद्दाम ओळीनं पेरावी तशी. माणसं डोक्याला हात लावून खाली बसली.

आणि बकूच्या आईची शेळी? ती मागच्या दोन पायांवर उभी राहून तिच्याच कुंपणाच्या शेंगा चघळत होती.

"ती बघ, पेरणीवाली," पलीकडून काकू म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या.

त्या दुपारी गावातली पोरं पोहायला निघाली. त्या बेटावर प्रत्येक पोर कमरेला सुका भोपळा बांधून पोहायला शिकायचं. बकूच्या बाबांनीही तिच्यासाठी एक भोपळा सुकवून ठेवला होता. तो घराच्या आढ्याला टांगलेला होता, कोळी त्याच्यावर जाळं विणून बसला होता. बकू कुंपणाच्या फटीला डोळा लावून पोरांकडे बघायला गेली, आणि कचकन काटा टाचेत गेला.

आईनं तिला मांडीवर घेतलं. कुंपणाचाच दुसरा काटा तोडून तिनं पहिला काटा काढायला घेतला. "रडू नको हं, बाळा."

"मी कुठं रडतेय?" बकू म्हणाली. "मला सवय आहे."

आईचा हात थांबला. तिनं बकूचे तळवे उलटून नीट पाहिले. तीळ सांडावेत तशा बारीक काळ्या खुणा सगळीकडे. शेळीची खूण एकही नव्हती, समुद्राची नव्हती, घारीची नव्हती. होत्या त्या सगळ्या कुंपणाच्या.

"आई, पाणी दे ना."

आईनं हंडा कलंडला. तळाचं गढूळ पाणी पेलाभर निघालं.

मग ती उठली आणि कुदळ घेऊन कुंपणापुढं उभी राहिली. लगेच खणलं असं नाही. एकदा वाटलं, उद्या करू. मग वाटलं, मागच्या बाजूचं करू, पुढचं राहू दे. मग वाटलं, आधी गावानं काढावं, मग मी काढीन. पण गाव तरी दुसऱ्या कशाची वाट बघतोय? आणि पहिलं बी कुणी लावलं होतं? तिनं डोळे गच्च मिटले आणि दारातल्या पहिल्याच झाडाच्या बुंध्याशी कुदळ मारली.

मूळ चिवट. निघता निघेना. बकू शेजारी बसून करवंटीनं माती उपसत होती. धपाधप आवाज ऐकून पलीकडून काकू ओरडल्या, "काय गं, भूत शिरलं का अंगात?"

"नाही काकू," घाम पुसत बकूची आई म्हणाली, "निघालं!"

थोड्याच वेळात तिकडूनही धपाधप सुरू झालं. संध्याकाळपर्यंत दोन्ही घरांच्या मधलं कुंपण गेलं आणि काकू सरळ चालत आल्या, हातात विरजणाची भरलेली वाटी.

आता बाकीचे कुठल्या तोंडानं आपलं कुंपण राखणार? कोंबडीवाला आला, भोपळेवाली आली, सगळ्यांनी आपापल्या दारातून सुरुवात केली. शेंगा मात्र टाकून दिल्या नाहीत. उखळात घालून बियांसकट कुटल्या आणि ते पीठ शेळ्यांना चारलं. शेळ्या खूश, आणि बीच भरडलं गेल्यावर उगवणार काय? लाकडं चुलीत गेली, त्यावर सगळ्या गावानं एकत्र जेवण केलं. आणि गावानं एक नवीन रीत पाडली. विहिरीवर येणाऱ्यानं आधी एक रोप उपटायचं, मगच बादली आत सोडायची.

दोन पावसाळे गेले. हळूहळू बादलीचा आवाज बदलला. चिखलाचा पचक् जाऊन पाण्याचा डुबुक् आला.

बकूचे बाबा लांबच्या खेपेहून परतले ते काठावरच थबकले. "चुकून दुसऱ्याच बेटावर उतरलो की काय?" मग सगळी हकिकत ऐकून म्हणाले, "हात्तिच्या! तो माणूस का हसत होता ते आत्ता कळलं."

पण एक गोष्ट सांगायची राहिली. कुंपण गेलं त्याच्या दुसऱ्याच सकाळी शेळी तडक अंगणात शिरली आणि तिनं बकूला ढुशी मारली. बकू धपकन बसली. आई धावत सुटली, तोच काकूंनी तिचा पदर धरला. "थांब. नुसतं बघ."

बकूनं हात झटकले, उठली, शेळीची दोन्ही शिंगं धरली आणि तिच्या कपाळाला कपाळ लावून अशी रेटली, की शेळीच चार पावलं मागं गेली. "परत येशील?" बकूनं विचारलं. शेळीनं कान हलवले आणि गुपचूप चालती झाली.

आई इतकी हसली, इतकी हसली, की डोळ्यांतून पाणी आलं. मग तिनं आढ्यावरचा भोपळा काढला, जाळं झटकलं आणि तो बकूच्या कमरेला बांधला. एक गाठ मारली, दुसरी मारली. "आणखी एक मारू का गं?"

"आई!"

"बरं बरं."

बकू पोरांबरोबर समुद्राकडे धावली. आईही गेली मागोमाग, नाही असं नाही. पण या वेळी तिनं बकूचा हात धरला नव्हता.

तात्पर्य: भीतीपोटी लावलेलं कुंपण सगळ्यात आधी आपल्याच लेकराला टोचतं, आणि गावावरचं संकट मुळासकट खणायचं असेल, तर पहिली कुदळ आपल्या दारात मारावी.