फेसाची माळ

समुद्राकाठच्या एका झोपडीत येसू नावाची मुलगी आईबरोबर राहायची. बाप नव्हता. आई खडकावरची कालवं फोडून विकायची. त्यावर दोघींचं पोट भरायचं. एके दिवशी कालवाच्या धारदार शिंपेने आईच्या पायाचा तळवा चिरला. जखम चिघळली. पाय टेकवेना. घरातली मडकी रिकामी झाली.

मग अमावास्या आली. त्या दिवशी ओहोटीचं पाणी फार लांब जातं आणि एरवी बुडालेले खडक उघडे पडतात. गावच्या बायका तिकडे निघाल्या. आईने येसूला समोर बसवलं.

"नीट ऐक. पायात वहाणा घाल. एकटी कुठे जाऊ नकोस. समुद्राकडे पाठ करू नकोस. आज पाणी लांब गेलंय ना, ते तसंच पळत येणार."

"कालवं किती आणू, आये?"

"तू कालवं काढायची नाहीस. तू पाणराखी."

पाणराखी म्हणजे पाण्यावर नजर ठेवणारी. किनारा आणि बाहेरचे खडक यांच्यामध्ये एक नाळ होती. ओहोटीला ती कोरडी पडायची, भरतीला खोल व्हायची. नाळेत एक काळा दगड होता. त्याला पाणी लागलं की पाणराखीने हाक मारायची आणि बायकांनी हातातलं टाकून परतायचं. घरी जाताना प्रत्येक बाई तिला ओंजळभर कालवं द्यायची.

नाळ ओलांडताना हौसाकाकी म्हणाली, "काय गो, मुठीएवढी पोर तू! तुझी हाक आमच्यापर्यंत पोचेल का?"

"पोचेल. तुम्ही ऐकून निघालात म्हणजे झालं."

"मेली, जीभ आईचीच घेतलीय!" काकी हसत हसत पुढे गेली.

येसू किनाऱ्याच्या खडकावर बसली. शेजारी एक तारामासा उन्हात सुकत पडला होता. नारिंगी, इवलासा. तिने त्याला अलगद उचलून जवळच्या डबक्यात सोडलं.

डबकं कसलं, ती बागच होती! गुलाबी शेवाळाची झुडपं, जांभळ्या पाकळ्या मिटणारी-उघडणारी फुलं, मोत्यासारख्या चिमुकल्या शंखी. पाण्यात ऊन झिरमिळत होतं. आणि एका शिंपलीत बोटभर परी बसली होती. तिचे पंख माशाच्या खवल्यांचे होते. हलले की त्यांत हिरवा, निळा, रुपेरी रंग चमके.

"माझा तारा परत आणलास," परी म्हणाली. "तुला काय हवं, बाळ?"

येसूला विचार करावा लागला नाही. "आईचा पाय बरा हवा. पहिल्यासारखा."

"फेसाची माळ ओवून देते. ती पायाला बांध. पण माळ पुरी होईपर्यंत तू बोलायचं नाहीस. आवाज निघाला की दोरा तुटतो. आणि माळ एका माणसाला एकदाच मिळते."

"वेळ किती लागेल? मला हाक मारायचीय."

"पाणी यायच्या आत होईल."

येसूने ओठ घट्ट मिटले. परी ओवू लागली. मणी केवढे, तर मोहरीएवढे! प्रत्येकात एक इवलंसं इंद्रधनुष्य. येसू एकदा माळेकडे बघे, एकदा काळ्या दगडाकडे.

माळ संपत आली. आणि दगडाला पाणी लागलं.

येसू उठली. तिने दोन्ही हात हलवले. बायका वाकून कालवं फोडत होत्या, कोणी वर पाहिलं नाही. तिने खडा फेकला. तो पाण्यात पडला. धावत जावं, तर तोवर नाळेत तिच्या छातीएवढं पाणी चढलं होतं. तिने परीकडे पाहिलं. थोडेच मणी उरले होते. अगदी थोडे.

एक लाट आली. येसू गप्प राहिली.

दुसरी लाट येताना दिसली आणि तिने छाती फुटेस्तोवर हाक मारली, "पाणी आलं गोऽऽ!"

दोरा तुटला.

बायका एकमेकींचे हात धरून नाळ ओलांडू लागल्या. हौसाकाकी सगळ्यांच्या मागे होती. पाणी तिच्या गळ्याला लागलं, टोपली वाहून गेली. दोघींनी तिला पदराला धरून ओढलं. ती काठावर येऊन बसली.

येसू डबक्याशी आली. परीचे डोळे भरले होते.

"चूक माझी, बाळ. मला माझी बाग तेवढी दिसते, समुद्र दिसत नाही. तुटली तशी माळ घे. पुन्हा ओवता येणार नाही."

भरतीचं पाणी बागेत शिरलं. शेवाळाखालून पांढराशुभ्र उजेड फुटला, पाणीभर पसरला आणि विरला. परी गेली.

घरी येसूने माळ आईच्या पायाला बांधली. फेस विरघळला. ठणका थांबला, जखम भरली. पण पाऊल वाकडंच राहिलं.

येसू रडली. "थोडेच मणी राहिले होते, आये. मी गप्प राहिले असते तर..."

"हौसा कुठे होती तेव्हा?"

"पाण्यात."

"मग सरळ पायाने मी तिच्या दारावरून कशी गेले असते?"

येसूने आणखी एक गोष्ट सांगितली. ती एक लाट गप्प राहिली होती. आईने तिला जवळ ओढलं.

दुसऱ्या दिवशी हौसाकाकी आली. तिच्यामागे गावच्या बायका होत्या. "यापुढे आमची पाणराखी येसूची आई," ती म्हणाली. "जिची पोर अशी, तिच्या भरवशावर आम्ही कुठेही जाऊ."

त्या झोपडीतली मडकी पुन्हा कधी रिकामी राहिली नाहीत. आई लंगडत यायची, खडकावर बसायची, वेळेवर हाक मारायची. तिच्या देखत कोणी बुडालं नाही.

पण बायका नाळ ओलांडून बाहेरच्या खडकांकडे निघाल्या, की आई त्यांच्याकडे बघत राहायची. आणि येसू तेवढा वेळ आईच्या तोंडाकडे बघायची नाही.