ह्यांचं औषध

एकदा एका बाजारपेठेच्या गावी एक वृद्ध औषधविक्रेते राहत होते. सारं गाव त्यांना अप्पा म्हणे. त्यांच्या हाताखाली एक तरुण शिष्य होता, औषधशास्त्राची पदवी घेऊन आलेला, हुशार आणि मनाने फार हळवा. या दोघांची नावं मी मुद्दाम सांगत नाही. या गोष्टीत एकच नाव महत्त्वाचं आहे, आणि ते योग्य वेळी, योग्य तोंडून आलेलं बरं.

या शिष्याने खटपट करून दुकानात एक नवी व्यवस्था आणली. डॉक्टरांनी लिहिलेलं औषध आता कागदावर नव्हे, थेट दुकानातल्या संगणकावर येई. मात्रा जास्त तर नाही, दोन गोळ्या एकमेकींच्या वैरी तर नाहीत, हे संगणक तपासून सांगे. पाकिटावरचा बारकोड जुळला की हिरवा दिवा दिसे. लोकांना वाटलं, म्हातारा आता कुरकुर करणार. पण अप्पांनी तर नाकावर चष्मा चढवला आणि पहिलीतल्या मुलासारखे शिष्याच्या शेजारी शिकायला बसले.

"डॉक्टरांचं अक्षर लावता लावता माझे डोळे गेले," ते म्हणाले. "हे यंत्र आधी यायला हवं होतं रे."

शिष्याने एकेक पायरी समजावली. सगळ्यात शेवटी एक छोटा चौकोन होता. त्यापुढे लिहिलेलं होतं, 'नाव विचारले.' त्यात खूण केल्याशिवाय औषधाची चिठ्ठी छापून येत नसे.

"आणि हा कशासाठी?" अप्पांनी विचारलं.

"ते काही विशेष नाही अप्पा. तिथे नुसती टिक मारायची आणि पुढे जायचं."

अप्पांनी त्या चौकोनाकडे जरा वेळ पाहिलं आणि मान हलवली. त्या मान हलवण्याचा अर्थ शिष्याने आपल्या सोयीने लावला. आपण सगळेच लावतो.

पुढे एका सोमवारी, बाजाराच्या दिवशी, दुकानासमोर ही गर्दी झाली होती. रस्त्यावर टेम्पोचे हॉर्न, शेजारी भांडीवाल्याची ठोकाठोकी. त्या गर्दीतून एक वयस्कर बाई पुढे आल्या. डोक्यावर पदर, हातात रिकामी पिशवी.

"ह्यांची गोळी द्या. डाक्टरनी तुमच्याकडं धाडलीया म्हणाले."

"नाव काय, काकू?"

बाईंनी मान खाली घातली. पदर आणखी पुढे ओढून हळूच म्हणाल्या, "कदम."

"कदम, पण पूर्ण नाव?"

बाईंच्या चेहऱ्यावर लाज पसरली. मागे उभे असलेले दोघेतिघे गालात हसले. शिष्याच्या लक्षात आलं, की ही जुन्या वळणाची बाई नवऱ्याचं नाव घेणार नाही. त्याला तिची दया आली. चार लोकांत हिला कशाला अवघडवायचं, असं मनाशी म्हणून त्याने स्क्रीनवर 'कदम' शोधलं, वर जे नाव दिसलं त्यावर टिचकी मारली आणि तिच्या मदतीला धावला.

"रघुनाथ कदम यांचंच ना, काकू?"

नवऱ्याचं नाव परक्याने मोठ्याने उच्चारलेलं ऐकून बाई आणखीच संकोचल्या. त्या गलक्यात जेवढं कानी पडलं तेवढं पडलं. त्यांनी पटकन मान डोलावली. शिष्याने चौकोनात खूण केली. मात्रा बरोबर, बारकोड बरोबर, हिरवा दिवा लागला. चिठ्ठी छापून आली आणि पाकिटावर चिकटलीही.

इतक्यात मागच्या खुर्चीवरून अप्पा उठले. त्यांनी शिष्याच्या हातातलं पाकीट काढून घेतलं आणि स्वतःच्या तळव्याखाली दाबून ठेवलं. मग खिशातला मोठा पांढरा रुमाल काढला, झटकला आणि संगणकाच्या स्क्रीनवर पसरून टाकला. एक स्टूल बाहेर सरकवलं आणि म्हणाले, "बसा ताई. औषध कुणाचं आहे?"

"ह्यांचं."

"हे म्हणजे कोण?"

"आता काय सांगू! मालकांचं."

रांगेत हशा पिकला. रांगेतला एक किराणा व्यापारी मात्र वैतागला. "अहो अप्पा, त्या पोरानं विचारून झालंय की! दुकान उघडं टाकून आलोय मी. असं फडकंच टाकायचं होतं तर ते यंत्र आणलं कशाला?"

"तुमचं औषध द्यायच्या वेळी तुम्हालाही असंच खोळंबवीन शेठ," अप्पा शांतपणे म्हणाले आणि पुन्हा बाईंकडे वळले. "ताई, नाव सांगितल्याशिवाय औषध देता येत नाही. साधं नका सांगू. उखाण्यात घ्या. उखाण्यात तर घेता येतं ना?"

शिष्याचे कान तापले. आपल्या व्यवस्थेवर रुमाल टाकला, ते एक असो. पण एका साध्याभोळ्या बाईची भर बाजारात अशी थट्टा? अप्पांकडून त्याने ही अपेक्षा कधी केली नव्हती. त्याचा हात रुमालाकडे गेला. अप्पांनी नुसतं पाहिलं, आणि तो मागे आला.

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. सुटका नव्हती. मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. लग्नानंतर मांडवात बसलेली नवरी जशी खाली बघून हसते, तशा त्या हसल्या आणि म्हणाल्या,

"गवती चहाच्या काढ्याला आल्याची साथ..."

शिष्याने मनात ओळ पुरी करून टाकली. साथ, रघुनाथ. जुळलं!

"...गोळी न्यायला थांबले मी, वाट बघतात रंगनाथ."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. व्यापारीसुद्धा हसला. फक्त शिष्य हसला नाही. त्याने झटकन रुमाल उचलला. स्क्रीनवर एकाखाली एक दोन नावं होती. रघुनाथ कदम आणि रंगनाथ कदम. पाकिटात रघुनाथ कदमांची, रक्तातली साखर उतरवणारी गोळी होती. रंगनाथरावांना साखरेचा विकार नव्हताच, त्यांना रक्तदाबाची गोळी लिहून दिलेली होती. उद्या पहाटे उपाशीपोटी त्यांनी ही गोळी घेतली असती, तर ते घरात कोसळले असते. आणि कदाचित उठलेही नसते.

अप्पांनी बाईंपासून काही लपवलं नाही. "ताई, दुसऱ्या कदमांची गोळी तुमच्या पिशवीत जाणार होती. चूक आमची. तुम्ही नाव घेतलंत म्हणून टळली."

"अगं बाई!" एवढंच त्या म्हणाल्या. योग्य ते पाकीट त्यांनी छातीशी धरलं. मग शिष्याचा उतरलेला चेहरा पाहून त्याच म्हणाल्या, "असू दे लेकरा. मान मीच डोलावली की."

दुपारी गर्दी ओसरली. शिष्य कपाटाशी पाठमोरा उभा होता. त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते अप्पांना दिसू नयेत अशी त्याची धडपड चालली होती.

"तुम्ही त्यांना ओळखलंत, म्हणून बरं झालं," तो म्हणाला.

"मी? छे! आज पहिल्यांदाच पाहिलं."

शिष्य वळला. "मग तुम्हाला कसं कळलं, की नाव चुकलंय?"

"नव्हतं कळलं. म्हणून तर विचारलं. ओळखत असतो, तर कदाचित मीही विचारलं नसतं."

"आणि तो रुमाल? मला वाटलं, तुम्हाला यंत्राचा राग आलाय."

अप्पांनी त्याला जवळ बसवून घेतलं. "यंत्राचा कसला राग? यंत्राने आपलं काम चोख केलं होतं. त्याने विचारलं होतं, नाव विचारलंस का? अरे, प्रश्न काकूंसाठी होता आणि उत्तर तू देऊन मोकळा झालास. समोर नाव दिसत असलं की आपण ते वाचून दाखवतो, आणि आपण वाचून दाखवलं की माणूस हो म्हणतो. औषधाच्या दुकानात येणारा माणूस धास्तावलेला असतो. घरात कुणी आजारी असतं, मागे रांग असते. तो कशालाही हो म्हणेल. म्हणून आधी ते नाव झाकलं, तुझ्यापासून आणि माझ्यापासूनही."

"त्यांना लाज वाटू नये म्हणून मी..."

"ते मला दिसलं. म्हणून तर रागावलो नाही," अप्पांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "तुझी माया खरी आहे, ती सोडू नकोस. पण तिची लाज राखायची म्हणून तिच्या वतीने बोलायचं नाही. तिला जमेल अशा वाटेने तिलाच बोलू द्यायचं. वेळ लागतो. यंत्राने आपला जो वेळ वाचवलाय ना, तो याच्यासाठीच आहे."

संध्याकाळी दुकान झाडताना शिष्याने तो रुमाल घडी करून संगणकाशेजारी ठेवला, आणि तो तिथेच राहिला.

पुढच्या महिन्यात काकू पुन्हा आल्या. या वेळी सोबत एक किडकिडीत, पांढऱ्या टोपीतले गृहस्थ होते. शिष्याने त्यांना बसायला स्टूल दिलं, स्क्रीनवर रुमाल टाकला, दोन्ही हात काउंटरवर ठेवले आणि विचारलं, "औषध कुणाचं? पूर्ण नाव सांगा."

गृहस्थांनी सांगायला तोंड उघडलं, तोच काकूंनी त्यांच्या दंडावर हात ठेवला.

"तुम्ही गप बसा. मला विचारलंय त्यानं." आणि उखाणा नाही, काही नाही, सरळ मान वर करून त्या म्हणाल्या, "रंगनाथ कदम."

गृहस्थ बायकोकडे बघतच राहिले. लग्नाच्या मांडवानंतर हे नाव त्यांनी तिच्या तोंडून कधी ऐकलं नसावं. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली, घसा खाकरला आणि शिष्याला म्हणाले, "इथं फार गलका आहे हो. तुम्हाला नीट ऐकू आलं नसंल."

शिष्याला अक्षर न् अक्षर ऐकू आलं होतं. त्याने अप्पांकडे पाहिलं. अप्पा खाली मान घालून चष्मा पुसत होते.

"नाही आलं, काकू," तो म्हणाला. "पुन्हा एकदा सांगता?"

काकूंनी पुन्हा सांगितलं. मग त्याने रुमाल उचलला, नाव पाहिलं आणि चौकोनात खूण केली.