केवडापरी आणि पाणबुड्याचं घड्याळ

समुद्र जिथे रोज येऊन घरांच्या पायऱ्या धुतो आणि त्याबद्दल कुणाकडे काही मागत नाही, अशा एका इवल्याशा गावात शेवंती राहायची. तिचं घर चिमुकलं, परकर आखूडसा आणि पेजेची वाटी तर त्याहून लहान. मन मात्र एवढं मोठं, की वाटीतली निम्मी पेज ती दारातल्या लंगड्या मांजरीला देऊन टाकायची. मांजर जाडजूड झाली होती, शेवंती नाही.

शेवंतीचे बाबा, भिवा, पाणबुडे होते. लांबून आलेल्या पाहुण्यांचा हात धरून ते त्यांना समुद्राखाली न्यायचे आणि निळेजांभळे मासे, गुलाबी पोवळी दाखवायचे. पण एकदा त्यांचे कान दुखावले. एक कान पार बंद झाला, दुसरा जेमतेम राहिला. डॉक्टरांनी बजावलं, यापुढे बुडी मारायची नाही. त्या दिवसापासून घरातलं हसू कमी झालं आणि पेज पातळ झाली.

एकच आशा होती. शेजारच्या भागीरथीकाकूंना आपली पिवळीधमक होडी विकायची होती. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिला की गावातल्या होड्या पुन्हा पाण्यात उतरतात. तोवर मी थांबेन, काकू म्हणाल्या होत्या, मग मात्र दुसऱ्याला देईन. होडी मिळाली तर बाबांना बुडी न मारताही समुद्रावर जाता आलं असतं. आणि त्या होडीसाठी घरात विकण्याजोगी एकच वस्तू होती, बाबांचं घड्याळ.

काय देखणं घड्याळ होतं ते! एका म्हाताऱ्या पाणबुड्याने जाताना बाबांच्या हातावर बांधलेलं. तबकडी खोल पाण्यासारखी निळी, कडेला कट्कट् फिरणारी गोल कडी, आणि अंधारात हिरवे चमकणारे बारा ठिपके. त्याला सेल लागत नसे, चावीही कधी द्यावी लागली नव्हती. बाबांनी ते झोपेतसुद्धा कधी काढलं नव्हतं. आता मात्र त्यांनी ते काढलं, आणि आईने धुऊनपुसून देव्हाऱ्यात लाल कापडावर ठेवलं. रोज त्याला हळदकुंकू वाहायचं, हात कुणी लावायचा नाही. दारावर शेवंतीने खडूने पाटी लिहिली : ‘पाणबुड्याचे घड्याळ विकणे आहे. वापरलेले आहे, पण मायेने.’

गिऱ्हाइकं आली. प्रत्येकाने घड्याळ कानाला लावलं, तोंड वाकडं केलं आणि वाट धरली. घड्याळ बंद होतं. देव्हाऱ्यात बसल्यापासून ते चालतच नव्हतं.

बाबा हळूच म्हणाले, “मिया दर्यो सोडलंय, म्हणान हेनाय चालाचा सोडल्यान.” समुद्र सुटला म्हणून घड्याळही थांबलं, हे ऐकून शेवंतीला रडू आलं. ती मांजरीला घेऊन परसात जाऊन बसली.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी निरोप आला, की शहरातून कोणी कालिंदीताई दुपारी घड्याळ बघायला येणार आहेत. त्या आता शेवटच्या. आईने शेवंतीला पूजेसाठी केवडा आणायला पाठवलं. शेवंतीने देवाला नमस्कार केला, माफी मागितली आणि घड्याळ हळूच ओच्यात घेतलं. ते विकलं जाण्याआधी त्याला केवड्याचं बन दाखवावं, एवढाच तिचा विचार होता.

बनात सोनेरी ऊन शिंपडलेलं होतं. हिरव्या पात्यांवर थेंबुकले चमचम करत होते. तेवढ्यात नाजूक आवाज आला, “अगं, जरा सोडव ना मला.” केवड्याच्या काटेरी पात्यांत एक एवढीशी परी अडकली होती! पिवळा झगा, चंदेरी पंख, आणि चेहरा मात्र चांगलाच वैतागलेला. शेवंतीने एकेक काटा बाजूला केला. बोटांवर लाल लाल ओरखडे उठले, तरी तिने परीचा पंख जराही फाटू दिला नाही.

परी तिच्या तळहातावर बसली आणि म्हणाली, “मी केवडापरी. एक इच्छा माग. पण माझे नियम ऐक. इच्छा एकच, आणि तीही फक्त आज सूर्य मावळेपर्यंत टिकते.”

शेवंतीने क्षणभरही विचार केला नाही. बाबांचं घड्याळ चालू दे, ती म्हणाली.

परीने तिला घड्याळ हातात घालायला लावलं. ते सरकत कोपरापर्यंत गेलं. मग परी तिला घेऊन उंडीच्या झाडाभोवती नाचली, दोघींनी उड्या मारल्या, गिरक्या घेतल्या, फुगडीसुद्धा घातली. दोघींना धाप लागली. शेवंतीने बघितलं तर काय, इवलासा काटा टिकटिक करत पळत होता.

कालिंदीताई आल्या. हसऱ्या होत्या, आणि केसांना समुद्राच्या पाण्याचा वास येत होता. त्यांनी घड्याळ हातात घातलं, कडी फिरवली, ठिपक्यांवर ओंजळ धरून अंधार केला आणि आत डोकावून बघितलं. मला हेच हवं होतं, त्या म्हणाल्या. बाबांचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला. आईने पदर डोळ्यांना लावला. शेवंतीला मात्र परीचा नियम आठवला. बोलावं तर पिवळी होडी जाणार. न बोलावं तर उद्या ही भली ताई बंद घड्याळ घेऊन बसणार.

ती पुढे झाली. “ताई, ह्या घड्याळ सूर्य बुडलो की बंद पडतला. माका खोटा बोलूक येणा नाय.”

बाबांनी मान खाली घातली. पोरीवर रागावलं नाही कुणी, ते जास्त लागलं तिला. कालिंदीताईंनी एवढंच विचारलं, की घड्याळ ठेवता कुठे? देव्हाऱ्यात, आई म्हणाली. ताईंच्या ओठांवर हसू आलं. “मग सूर्य बुडेपर्यंत बसू या की,” त्या म्हणाल्या. नुसत्या बसल्या मात्र नाहीत. त्यांनी आईबरोबर नारळ खवले, त्या मांजरीशी खेळल्या, आणि घड्याळ सारा वेळ त्यांच्या हातात हलत राहिलं.

संध्याकाळी सगळे पायरीवर आले. केशरी सूर्य पाण्याला टेकला. तोच शेवंतीच्या कानाशी केवडा दरवळला. “तुझी इच्छा मी अजून वापरलेलीच नाही गं,” परी कुजबुजली. “लवकर सांग. सूर्य बोटभरच उरलाय.”

घड्याळ? की होडी? शेवंतीने बाबांकडे बघितलं. ते समुद्राकडे तोंड करून बसले होते, आणि समुद्र त्यांना धड ऐकू येत नव्हता. घड्याळाचं काय व्हायचं ते होईल, तिला वाटलं.

“माझ्या बाबांना लाटा ऐकू दे,” ती म्हणाली.

बाबा दचकून ताठ बसले. त्यांचे डोळे भरून आले. “दर्यो ऐकाक येता,” ते म्हणाले. “दोनय कानांनी.” आईने त्यांचा हात घट्ट धरला. तेवढ्या वेळात समुद्र काय काय बोलला, ते बाबांनी पुढे कधीच कुणाला सांगितलं नाही.

मग सूर्य बुडाला. बनावर सोनेरी, हिरवा, चंदेरी उजेड उसळला आणि त्या उजेडात केवडापरी विरून गेली. बाबांचे कान पुन्हा होते तसे झाले. अंधारात घड्याळाचे बारा ठिपके लुकलुकले, आणि काटा चालतच होता.

“भिवाकाका, हे घड्याळ हात हलला की चालतं,” कालिंदीताई म्हणाल्या. “तुम्ही कधी काढलंच नाही, मग कळणार कसं? त्याला देव्हारा नको, कामाचा हात हवा.” बाबा आधी आपल्या हातांकडे बघत राहिले, मग खो खो हसले. आईही हसली आणि देवाला म्हणाली, आता तूच सांभाळ तुझी जागा.

घड्याळ ताईंनी घेतलं. वर म्हणाल्या, मीही पाण्याखाली बुड्या मारते, मला रोज समुद्रात नेणारा होडीवाला हवा आहे. ज्या घरातली पोर स्वतःचं नुकसान करून खरं सांगते, त्या घरच्या होडीत मी डोळे मिटून बसेन.

नारळी पौर्णिमेला बाबांनी समुद्राला नारळ वाहिला आणि पिवळी होडी पाण्यात लोटली. ताई पुढे बसल्या, घड्याळ त्यांच्या मनगटावर. वल्ही मारता मारता बाबा वाकून विचारायचे, चालतंय ना? चालतंय, ताई सांगायच्या. आणि मधल्या फळीवर केवडा माळून बसलेली शेवंती भरल्या वाटीतली पेज खायची, निम्मी मांजरीसाठी ठेवून.