गोठलेला राजा आणि केतकीची ऊब

एका राज्यात वज्रसेन नावाचा राजा होता. मनाचा मोठा, पण सोने दिसले की हात शिवशिवायचे. एके दिवशी हिमकेतू मांत्रिकाच्या गुहेतल्या शापित सोन्याला त्याने हात लावला, आणि झाले की हो हात दाखवून अवलक्षण! त्या सोन्याने त्याच्या अंगातली सारी ऊब शोषून घेतली. लोकांनी पालखीत घालून आणला तेव्हा राजा दगडासारखा थंड होता. राणीने घोंगड्यांची रास घातली, पण आत राजा गारच राहिला.

राजकन्या केतकी बापाची लाडकी. डोळे पुसून ती तडक गुहेपाशी गेली. दारात मांत्रिकाची साळुंकी पहारा करत होती.

साळुंकी म्हणाली, "तीन कामे कर, म्हणजे शाप तुटेल. त्याआधी दिवस मावळला तर तुझा पिता कायमचा दगड."

पहिले काम, उकळत्या कढईतून मणी काढायचा. शेजारी लांब दांड्यांच्या पळ्या होत्या. सोन्याची, तांब्याची आणि लाकडाची. सोन्याच्या पळीला भुलून भल्याभल्यांनी हात पोळून घेतले होते. केतकीने लाकडी पळी उचलली. मणी वर आला आणि मुठीला चटकाही बसला नाही.

दुसरे काम, बर्फाची लादी भर उन्हात माळापार न्यायची. वाटेत धनगर भेटला, त्याची घोंगडी केतकीने लादीसाठी मागितली. धनगर पोट धरधरून हसला, म्हणाला की घोंगडीच्या उबेने बर्फाचे पाणी होईल.

केतकी म्हणाली, "घोंगडीत ऊब असती, तर माझे बाबा केव्हाच उठून बसले असते. ती देत काहीच नाही. आतले आत राखते, बाहेरचे बाहेर ठेवते."

धनगराने घोंगडी दिली, तिने ती लादीभोवती गुंडाळली, आणि माळापार लादी जवळजवळ तशीच निघाली. धनगर वरमला आणि तिच्यासोबत चालू लागला.

तिसरे काम अवघड. राजाला ऊब द्यायची, पण विस्तवाविना. विस्तवाच्या धगीने तो तडकला असता. केतकी वाड्यात धावली. घोंगड्या भिरकावल्या आणि बापाला घट्ट कवटाळले. उतारावरच्या पाण्यासारखी तिची ऊब त्याच्यात वाहू लागली. तिचे ओठ निळे पडले. राणीचा जीव कासावीस झाला. ती लेकीला ओढायला धावली, पण तिचे गार अंग हाताला लागताच ऊब द्यायला तिलाच बिलगली. मग आचारी, माहूत, दासी, धनगर, सगळे एकमेकांना बिलगले. आता मात्र राणीने घोंगड्या सगळ्यांवर पांघरायला लावल्या.

सूर्य क्षितिजाला टेकला आणि राजाची पापणी हलली. तिकडे शाप तुटला. पूर्वी त्याच सोन्याला हात लावून गुहेत गोठलेले सारे लोभी शिंकत शिंकत गुहेबाहेर आले. गुहेचे दार आपोआप मिटले. राज्यात नगारे वाजले.

राजाने लेकीचे हात हाती घेतले आणि त्याला रडू कोसळले. "बाळ, तुझे हात किती गार पडले गं!" तो म्हणाला, आणि ते आपल्या छातीशी धरून बसला.