लाकडी बदकाचा थाट

तळी बारमाही भरलेली असत, तेव्हाची गोष्ट. एका शिकाऱ्याने खऱ्या बदकांना भुलवायला लाकडाचं बदक कोरलं. चोचीला पिवळा-लाल रंग दिला आणि वर चिखल फासला.

"चिखलात चरणाऱ्याची चोच कधी स्वच्छ असते होय?" असं म्हणत त्याने ते पाण्यात सोडलं आणि स्वतः लव्हाळ्यात दडून बसला.

लाकडी बदकाला मात्र चिखल सोसेना. एवढं देखणं रूप, आणि ते असं माखून ठेवायचं? लाट आली तशी त्याने आडवं होऊन तोंड स्वच्छ धुऊन घेतलं.

तेवढ्यात बदकांचा थवा खाली आला. पुढच्या म्हाताऱ्या बदकिणीने वरूनच विचारलं, "काय पाव्हणं, चारा आहे का इथं?"

"हवा तेवढा! सकाळपासून खातोय," लाकडी बदक ऐटीत म्हणालं.

"अगबाई! आणि चोच एवढी लखलखीत? पोरांनो, फिरा माघारी!"

थवा भुर्रकन उडून गेला.

"बघितलंत? सगळ्यांचे डोळे माझ्यावरच होते!" लाकडी बदक शिकाऱ्याला म्हणालं.

शिकाऱ्याने ते उचललं आणि चुलीत सारलं. लाकूड ओलं होतं, धूर पुष्कळ झाला. पण चहा उकळला.